निओव्हिममध्ये छपाईचा आदेश : मराठी प्रूफ काढण्याच्या कामाच्या नोंदी

आमच्या दिवाळी अंकाचा मजकूर मी निओव्हिममध्ये, म्हणजे व्हिम या जुन्या एडिटरवरून बनलेल्या, आदेश देऊन चालवायच्या एडिटरमध्ये, तयार करतो. लेख मेलवर येतात, व्हॉट्सॲपवर येतात, काही हाताने लिहिलेलेही असतात. सगळं साध्या मजकुराच्या फायलींत आणायचं, शुद्धलेखनाची पहिली फेरी मी करायची आणि मग कागदावर काढून मुद्रितशोधक काकांकडे द्यायचं, अशी पद्धत. काका छापखान्यात वाढलेले. पडद्यावर ऱ्हस्व-दीर्घ निसटतं म्हणून ते कागदच मागतात, आणि ते योग्यच आहे.

आजवर मजकूर लिबरऑफिसमध्ये चिकटवून छापत होतो. त्यात मूळ फायलीचे ओळक्रमांक नाहीसे होतात. खुणा केलेला कागद परत आला की प्रत्येक खूण फायलीत कुठे बसते ते शोधत बसावं लागतं. म्हणून एडिटरमधूनच छापायचं ठरवलं. लिनक्सवर देवनागरी छापू पाहणाऱ्या कुणालाही उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

सामान : उबुंटू, निओव्हिम ०.११, छपाईची कामं प्रिंटरकडे पोचवणारी कप्स ही प्रणाली, लोहित देवनागरी फॉन्ट आणि कागदाच्या एकाच बाजूला छापणारा जुना काळा-पांढरा लेझर प्रिंटर.

७ जून २०२५

निओव्हिमला छपाईचा स्वतःचा आदेश आता नाही. व्हिममधला ‘हार्डकॉपी’ हा आदेश निओव्हिमने ०.९ या आवृत्तीत, म्हणजे एप्रिल २०२३ मध्ये, काढून टाकला. मदतपानावर पर्याय दिला आहे : ‘टीओएचटीएमएल’ या आदेशाने मजकुराचं वेबपान करा आणि ते ब्राउझरमधून छापा.

जुना आदेश मराठीला चालला असता का, हे पाहायला व्हिमही बसवून घेतला. हार्डकॉपी पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे प्रिंटरसाठीची पानाची भाषा, तयार करतो. एका बाइटात न मावणाऱ्या लिप्यांसाठी त्यात ‘प्रिंटएमबीकॅरसेट’ ही सोय आहे, पण ती चिनी, जपानी आणि कोरियन लिप्यांपुरती. देवनागरीसाठी काही नाही. लेखातले इंग्रजी शब्द नीट छापले गेले आणि मराठीच्या जागी निरर्थक चिन्हं आली. जे काढून टाकलं ते परत आणून आपल्या हाती काही लागणार नव्हतं, त्यामुळे त्या बाजूला पुन्हा गेलो नाही.

८ जून

सगळ्यात सोपा उपाय आधी करून पाहिला. ‘राइट’ आदेशापुढे उद्गारचिन्ह आणि ‘एलपी’ लिहिलं की एडिटरमधल्या ओळी थेट छपाईच्या रांगेत जातात. गेल्या. कागदावर मराठी ओळींच्या जागी चौकोन होते.

इथे थोडं थांबून समजून घेतलं, आणि पुढच्या सगळ्या कामाची दिशा इथेच ठरली. साधा मजकूर आला की कप्स तो एका फिल्टरमधून नेऊन त्याचं पीडीएफ करतं. हा फिल्टर एका कोडसाठी एक अक्षर घेऊन ओळीने मांडत जातो. रोमनला तेवढं पुरतं. ‘कि’ लिहिताना मात्र फायलीत आधी क असतो आणि मग वेलांटी, कागदावर वेलांटी आधी यावी लागते. ‘क्ष’ फायलीत तीन कोडचा असतो. ही जुळणी हार्फबझ नावाची लायब्ररी करते, आणि ती पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीत आहे, फायरफॉक्समध्ये आहे, क्रोमियममध्ये आहे. तेव्हा एडिटर आणि प्रिंटर यांच्यामध्ये हार्फबझ वापरणारं काहीतरी हवंच. फॉन्ट बदलत बसून हा प्रश्न सुटत नाही. माझी दुपार त्यातच गेली, तुमची जाऊ नये.

१४ जून

‘पॅप्स’ सापडलं. लहानसं साधन आहे. यूटीएफ-८ मजकूर घेतं, पँगोकडून अक्षरं जुळवून घेतं आणि पोस्टस्क्रिप्ट किंवा पीडीएफ देतं. फॉन्ट, कागदाचा आकार, समास हे सगळं पर्यायांतून सांगता येतं. लोहित देवनागरी ११ पॉइंट, कागद ए४, आणि पहिल्याच पानावर ‘वऱ्हाड’, ‘दऱ्याखोऱ्या’, ‘ज्ञानेश्वर’, ‘हृदय’ हे चारही शब्द शुद्ध आले. जोडाक्षरांची कसोटी पाहायला मी हेच शब्द ठेवले आहेत. अर्धा र, ज्ञ आणि हृ जिथे नीट येतात तिथे बाकीचं नंतर पाहिलं तरी चालतं.

आता एडिटरचा आदेश. नाव ‘छापा’ असं देवनागरीत द्यायचं मनात होतं, पण वापरकर्त्याने केलेल्या आदेशाचं नाव मोठ्या लिपीतल्या रोमन अक्षराने सुरू व्हावं लागतं. देवनागरीत लहान-मोठी लिपीच नाही, त्यामुळे नाव नाकारलं जातं. शेवटी तेच नाव रोमन लिपीत दिलं. त्यापुढचे पर्याय मात्र देवनागरीत चालतात, म्हणून ‘छापा प्रूफ’, ‘छापा साधं’ असं लिहिता येतं आणि टॅब दाबून पूर्णही करता येतं.

आदेश नोंदवताना ‘रेंज’ला टक्का चिन्ह द्या. काहीही न निवडता आदेश दिला तर अख्खी फाइल छापली जाते, निवड केली असेल तर तेवढ्याच ओळी. ओळी मिळवणाऱ्या फंक्शनमध्ये मोजणी शून्यापासून असते आणि शेवटची ओळ धरली जात नाही. म्हणजे सुरुवातीतून एक वजा करायचा आणि शेवट तसाच ठेवायचा. दोन्हीकडून एक वजा केला तर प्रत्येक छपाईत शेवटची ओळ गळते, आणि लेखाच्या शेवटी बहुधा लेखकाचं नाव असल्यामुळे ते पटकन लक्षातही येत नाही.

१५ जून

बाहेरचा प्रोग्रॅम चालवायला ०.१० पासून ‘व्हिम.सिस्टम’ आहे. ओळींची यादी तशीच्या तशी त्याच्या ‘एसटीडीइन’मध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला मजकूर पुरवण्याच्या वाटेत, देता येते, प्रत्येक ओळीनंतर नवी ओळ तो स्वतः घालतो. पुढे ‘वेट’ लावला तर छपाई संपेपर्यंत एडिटर गोठतो. त्याऐवजी काम संपल्यावर बोलावलं जाणारं फंक्शन द्यावं.

त्या फंक्शनमधून ‘छापायला पाठवलं’ असा संदेश दाखवायला गेलो की ई५५६० ही त्रुटी येत होती. तिथून एडिटरची बहुतेक फंक्शनं थेट वापरता येत नाहीत. सगळं फंक्शन ‘व्हिम.शेड्यूल_रॅप’मध्ये गुंडाळलं की प्रश्न मिटतो. दुसरी गोष्ट : पॅप्स बसवलेलंच नसेल तर ‘व्हिम.सिस्टम’ निकाल परत न देता सरळ त्रुटी फेकतो. आधी ‘एक्झिक्युटेबल’ने तपासा आणि काय बसवायला हवं ते मराठीत सांगा. ही फाइल मी अंकाच्या दुसऱ्या एका सहकाऱ्याला देणार आहे, तिला त्रुटीची लांबलचक यादी दिसून चालणार नाही.

प्रिंटर निवडण्यासाठी ‘एलपीस्टॅट’ला ‘ई’ पर्याय दिला. तो फक्त नावं देतो, एका ओळीत एक, त्यामुळे वाक्यांतून नावं वेगळी काढत बसावं लागत नाही. ती यादी ‘व्हिम.यूआय.सिलेक्ट’ला दिली.

२१ जून

काकांना पहिला गठ्ठा दाखवला. त्यांनी वाचायच्या आधीच बोट ठेवलं.

“हा ल हिंदीतला आलाय. आणि श पण. आपला नाही हा.”

“काका, फाइलीत अक्षर तेच आहे. फॉन्टमधून आलंय.”

“मग फॉन्टला सांग. मला हा ल दिसला की दर वेळी अडखळायला होतं.”

त्यांचं खरं आहे. मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा, हे राज्य शासनाच्या २००९ च्या लिपीविषयक निर्णयातही आहे. युनिकोडमध्ये या आकारांना वेगळे कोड नाहीत. फॉन्टच्या आत मराठीसाठीचे आकार वेगळे ठेवलेले असतात आणि मजकूर मराठी आहे असं कुणी सांगितलं तरच ते बाहेर येतात. लोहित देवनागरीत ते आहेत.

मग पँगोला ते कोण सांगतं? माझा संगणक इंग्रजी-भारत या लोकेलवर, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या मांडणीवर, आहे. इंग्रजी तर देवनागरीत लिहीत नाहीत, तेव्हा पँगो देवनागरीसाठी आपली नमुना भाषा धरतो, आणि ती हिंदी आहे. लोकेल मराठी करून पाहिलं. माझ्या यंत्रावर ते लोकेल तयारच केलेलं नव्हतं, त्यामुळे पॅप्सने मजकूर यूटीएफ-८ आहे हेही ओळखलं नाही आणि पानभर गोंधळ छापला. सरळ उपाय असा की ‘पँगो_लँग्वेज’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅम सुरू होताना त्याला दिलेल्या मूल्यात) मराठीचा ‘एमआर’ हा संकेत द्यायचा. त्याला लोकेल बसवलेलं लागत नाही. ‘व्हिम.सिस्टम’च्या ‘एन्व्ह’मध्ये एवढी एकच जोडी दिली की पुरते, बाकीचं वातावरण तसंच राहतं.

ल आणि श मराठी झाले. या एका ओळीच्या दुरुस्तीचं मला या सगळ्या कामात सर्वांत जास्त समाधान आहे. मराठी मजकूर छापणाऱ्या प्रत्येकाने ती करावी.

२८ जून

ओळक्रमांक. प्रत्येक ओळीआधी क्रमांक आणि टॅब घालून पॅप्सला दिलं. अंक देवनागरी करायला ‘टीआर’ फंक्शन पुरतं, ते अनेक बाइटांची अक्षरंही नीट बदलतं.

अडचण दुसरीच निघाली. माझ्या फायलीत एक परिच्छेद म्हणजे एक ओळ असते. कागदावर तिच्या आठ-दहा ओळी होतात, आणि दुसरी ओळ क्रमांकाच्या खाली, अगदी डाव्या कडेला सुरू होते. क्रमांक मजकुरात बुडतात. क्रमांक डावीकडे एकटा आणि मजकूर त्याच्या उजवीकडे सरळ उभा, अशी मांडणी पॅप्समध्ये मला जमवता आली नाही. ओळी आधीच तोडून द्याव्यात तर कागदावर कुठे तुटणार हे एडिटरला ठाऊक नसतं. पडद्यावरची रुंदी रकान्यांत मोजतात, छापील अक्षरं तर प्रत्येकी वेगळ्या रुंदीची.

निर्णय : घाईच्या साध्या छपाईसाठी पॅप्स ठेवायचं, काकांच्या प्रूफसाठी वेबपान करायचं.

५ जुलै

‘टीओएचटीएमएल’ ०.१० मध्ये लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेत नव्याने लिहिलं गेलं आणि प्रोग्रॅम छापायचा असेल तर उत्तम आहे, रंगांसकट. ते पडद्यावर जे दिसतं त्याची प्रत करतं, त्यामुळे काळी पार्श्वभूमी असेल तर छापण्याआधी उजळ रंगसंगती लावा, नाहीतर टोनर संपेल. मला मात्र रंग नको होते, क्रमांक हवे होते. म्हणून वेबपान स्वतःच लिहिलं. फार छोटं आहे.

प्रत्येक ओळ म्हणजे क्रमांकित यादीतला एक घटक. यादीची शैली ‘देवनागरी’ म्हटली की ब्राउझर १, २, ३ आपल्या अंकांत देतो, क्रमांक समासात राहतो आणि मजकूर त्याच्या उजवीकडे सरळ उभा राहतो. फायलीचा मधलाच भाग छापायचा असेल तर यादीच्या ‘स्टार्ट’मध्ये पहिल्या ओळीचा क्रमांक. आठवडाभर डोक्यात घोळत होतं ते एवढ्याने झालं.

बाकीच्या गोष्टी, ज्या त्या कारणासाठी :

पानाच्या मुळाशी भाषा ‘एमआर’. ल आणि श यांचं कारण वर आलंच, ब्राउझरमध्येही तोच नियम.

मोकळ्या जागा जशाच्या तशा. वेबपान एरवी दोन स्पेसची एक करून टाकतं. प्रूफात ती दुरुस्ती झाली तर काकांना चूक दिसणार नाही आणि ती अंकात जाईल. ‘प्री-रॅप’ लावा.

उजवा समास पन्नास मिलिमीटर, ओळींमधलं अंतर दुप्पट. खुणा करायला जागा लागते. कागद वाचवायला हे कमी करू नका.

अँपरसँड आणि त्रिकोणी कंस बदलून घ्या, अँपरसँड सगळ्यांत आधी. एका मेलमधून आलेल्या लेखात लेखकाचा मेलपत्ता त्रिकोणी कंसात होता, तो छापील पानावरून नाहीसा झाला. त्याच लेखातला मराठी शब्दांचा त्रिकोणी कंस मात्र टिकला, कारण टॅगचं नाव रोमन अक्षरानेच सुरू होतं. असं निम्मं चालणारं काही असलं की तपासणीत ते सुटतं.

परिच्छेद दोन पानांत तुटू नये म्हणूनही नियम घातला होता. लांब परिच्छेद पुढच्या पानावर जायचा आणि आधीचं पान निम्मं कोरं राहायचं. काढून टाकला. पानाच्या वर किंवा खाली परिच्छेदाची एकटी ओळ राहू नये, एवढाच नियम ठेवला.

६ जुलै

आषाढी. सकाळी थोडा वेळ मिळाला.

क्रोमियम ‘हेडलेस’, म्हणजे खिडकी न उघडता, चालवून पीडीएफ काढायचं आणि ते एलपीला द्यायचं, अशी साखळी केली. आदेश बिनतक्रार संपला, प्रिंटर सुरू झाला आणि कागदावर ‘फाइल सापडत नाही’ अशा अर्थाचं ब्राउझरचं पान आलं. त्रुटीचं पानही क्रोमियमच्या दृष्टीने पानच, त्याने त्याचं पीडीएफ केलं.

कारण : माझ्याकडचं क्रोमियम स्नॅप या उबुंटूच्या बंदिस्त पॅकेजमधलं आहे आणि स्नॅपला स्वतःची वेगळी ‘टेम्प’ डिरेक्टरी असते. निओव्हिम तात्पुरती फाइल ठेवतो ती त्याला दिसतच नाही. घराच्या डिरेक्टरीतल्या बिंदूने सुरू होणाऱ्या, लपलेल्या जागाही त्याला बंद. म्हणून घरात ‘छपाई’ नावाची उघडी डिरेक्टरी केली आणि वेबपान, पीडीएफ दोन्ही तिथे ठेवायला लागलो. नाव देवनागरीत असल्यामुळे पत्ता हाताने जोडू नका. ‘व्हिम.यूआरआय_फ्रॉम_एफनेम’ तो योग्य रूपात देतो.

एलपीला दिलेली फाइल कप्स आपल्या रांगेत उतरवून घेतो, त्यामुळे एलपी संपल्यावर पीडीएफ पुसलं तरी छपाई अडत नाही.

१२ जुलै

पानांचे क्रमांक. क्रोमियम आपणहून वर तारीख आणि खाली फायलीचा लांबलचक पत्ता छापतो. तो पर्याय देऊन बंद केला. क्रोम १३१ पासून पानाच्या समासात मजकूर ठेवण्याची सीएसएसची (वेबपानाची मांडणी सांगणाऱ्या नियमांची) सोय चालते : खाली मध्यभागी पानाचा क्रमांक देवनागरी अंकांत, वर उजवीकडे लेखाचं नाव आणि छापल्याची तारीख-वेळ. त्याच नियमात कागद ए४ आहे असंही लिहा. हेडलेस क्रोमियम एरवी अमेरिकी लेटर धरतो, जो ए४पेक्षा रुंद आणि आखूड असतो, आणि मग उजवा समास आपण ठरवला तेवढा राहत नाही.

१९ जुलै

काकांकडून पहिला खरा गठ्ठा परत आला आणि या कामाचा गाभा कशात आहे ते तेव्हा कळलं.

काकांनी चौदाव्या परिच्छेदात खूण केली होती. मधल्या काळात लेखकाने सुरुवातीला दोन परिच्छेद वाढवून पाठवले होते आणि मी ते घातले होते. कागदावरचा चौदा फायलीत सोळा झालेला. पुढे आणखी एक परिच्छेद वगळलेला, त्यामुळे तिथून फरक एकाचा. जो त्रास संपवायला हे सगळं केलं तोच परत आला.

आधी एक्स्टमार्क, म्हणजे निओव्हिमने मजकुरातल्या जागेवर ठेवलेल्या अदृश्य खुणा, वापरून पाहिले. मजकूर वर-खाली सरकला तरी ते आपल्या ओळीला चिकटून राहतात, पण फाइल बंद केली की जातात. काका कागद आठवड्याने देतात.

आता छापताना त्याच क्षणीचा मजकूर ‘छपाई’ डिरेक्टरीत वेगळ्या फायलीत जपला जातो. नावात लेख आणि वेळ, आणि तीच वेळ पानाच्या डोक्यावर छापलेली. कागद परत आला की ‘छापा उघड’ असा आदेश द्यायचा, कागदावरची वेळ निवडायची, आणि जपलेली प्रत चालू फायलीशेजारी डिफ अवस्थेत, म्हणजे दोन्हींतला फरक दाखवत, उघडते. डाव्या खिडकीत चौदाव्या ओळीवर जायचं, उजव्या खिडकीत तिच्या समोरची ओळ आपोआप येते. दुरुस्ती उजवीकडे करायची. फायलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटनेही हे होतं, पण दर छपाईला कमिट (त्या क्षणाची नोंद) करायची शिस्त अंकातल्या सगळ्यांकडून होईल असं मला वाटत नाही, फाइल जपणं आपोआप होतं.

तुम्ही यातलं एकच काही घेणार असाल तर हे घ्या.

२० जुलै

पाठपोट छपाई. प्रिंटरला येत नाही, म्हणून एलपीच्या ‘पेज-सेट’ पर्यायाने आधी विषम पानं, मग गठ्ठा उलटून सम पानं. माझ्या प्रिंटरवर सम पानं उलट्या क्रमाने पाठवावी लागतात. तुमच्याकडे कसं, ते चार पानांवर तपासून घ्या. दोन्हींच्या मध्ये आदेश थांबतो आणि ‘कागद उलटा, मग एंटर दाबा’ असं सांगतो. एकूण पानं विषम असतील तर शेवटचा कागद बाजूला काढून ठेवावा लागतो, तेही संदेशात घातलं.

काकांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं की प्रूफ पाठपोट नको. शाईची खूण मागे उमटते आणि मागची ओळ वाचताना मध्ये येते. ‘प्रूफ’मधून तो पर्याय काढला, ‘साधं’मध्ये ठेवला.

२६ जुलै

खर्च : ए४ चं एक रिम आणि टोनर भरून घेणं मिळून सातशे रुपयांच्या आत. साधनं सगळी मुक्त, त्यांचा खर्च नाही. वेळ शनिवार-रविवारचा गेला, त्यातला मोठा भाग पॅप्समध्ये क्रमांक बसवण्याच्या खटपटीत आणि स्नॅपच्या डिरेक्टरीचं कारण शोधण्यात. लुआची फाइल दोनशे ओळींच्या आत आहे.

राहिलेलं : रुंदी नसलेली जोडचिन्हं, म्हणजे झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे, प्रूफात दिसत नाहीत. फोनवर टाइप केलेल्या लेखांत ती भलत्या जागी असतात आणि शोधताना शब्द सापडत नाही. ती फिक्या खुणेने छापायचा विचार आहे. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम आणि उलट, हेही तसंच वेगळं दाखवायचं आहे, कारण काकांच्या खुणांत सगळ्यांत जास्त वेळा तीच दुरुस्ती येते. कवितांसाठी ओळींमधलं दुप्पट अंतर नको, कडव्यांमध्ये हवं. त्या पुढच्या आठवड्यात येतील, तेव्हा ‘छापा कविता’ जोडतो.